हजार पौर्णिमा आणि तीन मिलिमीटरचा चंद्र

आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे हे दादाने आणि मी वर्षभर आधीच ठरवले होते. एक चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला साधारण २९,५३० दिवस लागतात, आणि इंग्रजी वर्षांच्या हिशेबाने ते ८० वर्षे आणि दहा महिने होतात. आईचा तो दिवस आश्विनात, कोजागरीच्या आठवड्यात येत होता. हॉल, गुरुजी आणि जेवण ही जबाबदारी दादा-वहिनींनी घेतली. निमंत्रणे माझ्याकडे आली, आणि ती नेहमीच्या छापील पत्रिकांसारखी नसावीत हे मी तेव्हाच मनात पक्के केले. पंचेचाळीस घरे होती. प्रत्येक घरी कोणीतरी जाऊन अक्षत देणारच होते, त्यामुळे पोस्टाचा प्रश्न नव्हता. ज्याच्या हातात निमंत्रणपत्र पडेल त्याने ते उघडावे, अंगठा टेकवावा आणि कागदातला चंद्र उजळावा, एवढी साधी कल्पना होती. ती पुरी करायला मला श्रावणाच्या सुरुवातीपासून घटस्थापनेपर्यंतचे दिवस लागले.

मी फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाचे काम करते. विजेच्या कामाचे शिक्षण मला नाही. कागदाच्या कामाचे थोडे आहे आणि ते बाबांकडून आले आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर दिवाळीला मोठा कंदील बाबा करीत. बांबूच्या काड्या तासणे, त्या दोऱ्याने आवळणे, मैद्याची खळ शिजवणे आणि पतंगाचा कागद सुरकुती न पडू देता चिकटवणे हे सगळे मी त्यांच्याशेजारी बसून पाहिले आहे. कंदिलात बल्ब सोडताना ते खाली रस्त्यावर जाऊन वर बघत आणि म्हणत, “अजून दिवा दिसतोय; कंदील दिसला पाहिजे.” मग बल्ब दोन बोटे वर किंवा खाली घेतला जाई. या कामात मला त्या वाक्याची पुष्कळदा आठवण झाली.

पहिल्या रविवारी मी घरात सापडलेला एक एलईडी आणि वजनकाट्यातला गोल सेल घेऊन बसले. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक चिन्हाच्या बाजूला आणि आखूड पाय दुसऱ्या बाजूला लावून सेल चिमटीत धरला की दिवा लगेच लागतो. मधे काहीही जोडावे लागत नाही. या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, त्यातला २० हा आकडा मिलिमीटरमधला व्यास सांगतो आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीलाही साधारण तेवढाच दाब लागतो, शिवाय या छोट्या सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध बऱ्यापैकी असतो, म्हणून एरवी वीज आटोक्यात ठेवायला एलईडीच्या वाटेत घालावा लागणारा रेझिस्टर इथे न घालताही भागते. मोठ्या बॅटरीला असाच थेट लावला तर एलईडी जळून जाईल, हेही त्याच वेळी समजून घेतले.

सामान आणायला शनिवारी लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोणालाही विचारले तर तो लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथल्या अरुंद दुकानांतून भिंतभर लावलेल्या छोट्या खणांमध्ये काय नसते? मी पांढरे एलईडी मागितले तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने विचारले, “ताई, वॉर्म की कूल?” मला हा फरक ठाऊक नव्हता. त्याने दोन्ही एका सेलला लावून शेजारीशेजारी धरले. कूल व्हाइट हा सरळसरळ ट्यूबलाइटचा प्रकाश होता, निळसर आणि कोरडा. वॉर्म व्हाइटमध्ये आटवलेल्या दुधाचा रंग होता. कोजागरीच्या आठवड्यातला चंद्र करायचा असताना यात निवड करण्यासारखे काही नव्हतेच. न पेटलेला एलईडी डोळ्यांजवळ धरला तर आत पिवळा ठिपका दिसतो. मुळात आतली चकती निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्यातल्या काही प्रकाशाचा रंग बदलतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. लाल एलईडी १९६२ पासून आहे, आमच्या लहानपणी रेडिओवर तो असेच; पण पुरेसा प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकात आला, आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाबांच्या हातात कंदील होता त्या काळात हे पत्र करायला घेतले असते, तर मला असा पांढरा चंद्र करताच आला नसता.

तीन मिलिमीटर व्यासाचे दीडशे एलईडी, सहा मिलिमीटर रुंदीच्या कॉपर टेपची दोन रिळे आणि विजेचा दाब मोजायला एक साधा मल्टिमीटर घेतला. सेलही तिथेच जवळच्या एका दुकानातून पट्टीच्या भावाने घेतले आणि तिथे चूक झाली. घरी येऊन मोजले तर नव्या सेलने ३ व्होल्टच्या थोडे वरच दाखवायला हवे होते, आणि माझ्या पन्नासांपैकी निम्म्याहून अधिक २.७ च्या आसपास होते. एलईडी लागत होता, पण मलूल. जुना माल होता. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला आणि मला दुसऱ्या ठिकाणाहून, पाकिटावरची तारीख पाहून आणि समोर मीटर लावून, पुन्हा सेल घ्यावे लागले. मीटर बरोबर नेला म्हणून कोणाला राग आला नाही, उलट दुसऱ्या दुकानदाराने स्वतःहून पट्टी पुढे केली.

कॉपर टेप म्हणजे मागे गोंद असलेली तांब्याची पातळ पट्टी. कागदावर तारेऐवजी ती चिकटवायची. ती हातात घेतल्याबरोबर आवडते, कारण ती चमचमते आणि नखाने घासली की कागदाशी एकजीव होते. परंतु मी आणलेल्या टेपचा गोंद वीज वाहून नेणारा नव्हता, हे कळायला मला आठवडा लागला. वळण आले की मी पट्टी कापून दुसरी पट्टी तिच्यावर आडवी चिकटवीत होते. संध्याकाळी दिवा लागे, सकाळी लागत नसे, दाबले की लागे, सोडले की विझे. मधे गोंदाचा थर होता आणि तांब्याला तांबे कुठेतरी कडेला जेमतेम टेकत होते. त्यानंतर मी वळणावर पट्टी कापणे बंद केले. कोपऱ्याशी आल्यावर पट्टी आधी उलट दिशेने, म्हणजे चकचकीत बाजू आत जाईल अशी, मागे दुमडायची. घडीवर नख फिरवायचे. मग ती हव्या त्या दिशेला तिरकी वळवून पुढे न्यायची. घडीचा एक लहानसा त्रिकोण तयार होतो आणि पट्टी अखंड राहते. हे हाताला बसायला वीसेक वळणे वाया गेली. त्यानंतर मात्र मीटरची एक सुई पट्टीच्या एका टोकाला आणि दुसरी शेवटच्या टोकाला लावली की वाट अखंड असल्याचे सांगणारा ‘पीं’ असा आवाज न चुकता येऊ लागला, आणि तो आवाज ऐकायला मला आजही फार आवडते.

चंद्राचे काम यापेक्षा कठीण निघाले. गडद निळ्या कार्डात पन्नास मिलिमीटरचे वर्तुळ कापले, मागून ट्रेसिंग पेपर लावला आणि त्याच्यामागे एलईडी उभा ठेवला. दिवा लावल्यावर निळ्या आकाशात विजेरीचा डोळा दिसला: मधोमध डोळे दिपवणारा ठिपका आणि भोवती अंधार. ट्रेसिंग पेपरचे थर वाढवले तर ठिपका तसाच राहिला आणि बाकीचा चंद्र आणखी अंधारला. दिवा दिसत होता, चंद्र दिसत नव्हता. बाबा बल्ब वर-खाली घेत असत, पण माझ्याकडे वर-खाली घ्यायला जागाच नव्हती. सगळे निमंत्रणपत्र चार-पाच मिलिमीटरमध्ये बसवायचे होते.

उपाय सनबोर्डने दिला. दुकानांच्या पाट्यांना आणि शाळेच्या प्रकल्पांना वापरतात तो पांढरा, हलका फोमचा बोर्ड. तीन मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड दोन कार्डांच्या मधे ठेवला आणि त्यात चंद्राएवढे वर्तुळ कोरले की एक उथळ पांढरी वाटी तयार होते. एलईडी उभा न ठेवता या वाटीच्या कडेत आडवा निजवला, म्हणजे त्याचे तोंड कागदाकडे न राहता समोरच्या कडेकडे होते. प्रकाश पांढऱ्या कडांवर आणि पांढऱ्या तळावर आपटून, पसरून मगच वर ट्रेसिंग पेपरमधून बाहेर पडतो. एका एलईडीने एक बाजू उजळ आणि दुसरी फिकी दिसली, दोन लावले तर मध्यावर एक काळपट पट्टा राहिला, तीन सारख्या अंतरावर लावले आणि चंद्र भरला. तीन मिलिमीटरचा एलईडी तीन मिलिमीटरच्या बोर्डात आडवा बसतो हा योगायोग मला अजून विलक्षण वाटतो. त्याच्या बुडाची कड तेवढी जराशी बाहेर असते, तिच्यासाठी कटरच्या टोकाने एक खाच पाडावी लागली.

वाटी आणखी उजळ व्हावी म्हणून एकदा तिच्या तळाला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावून पाहिली. चांदी दोन्ही पट्ट्यांना टेकली, सेल हाताला कोमट लागला आणि सकाळपर्यंत पूर्ण उतरला होता. चमक आणि वीज एकाच धातूतून येतात हे माझ्या लक्षात यायला हवे होते. पुढे तळाला साधा पांढरा आयव्हरी कार्डचा कागद ठेवला.

मग त्या चंद्रावर डाग आणले. ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूने करड्या पतंगाच्या कागदाचे फाडलेले, कात्रीने न कापलेले, तुकडे लावले. फाडलेल्या कागदाची कड विरळ होत जाते, त्यामुळे डाग चंद्रात विरघळल्यासारखा दिसतो. दिवा बंद असताना हे तुकडे जवळजवळ दिसतच नाहीत, कोरे पांढरे वर्तुळ दिसते. दिवा लागला की आतून ससा उमटतो. हा ससा लावायला प्रत्येक पत्रामागे पंधरा-वीस मिनिटे जात. वहिनी म्हणाली, पंचेचाळीस सशांचे काम कशाला, नुसता चंद्रही छान दिसतो. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण हजार वेळा पाहिलेला चंद्र डागांसकट पाहिलेला असतो, म्हणून मी ते सोडले नाही.

अंगठा ठेवायच्या जागी कुंकवासारखा लाल ठिपका पेटावा म्हणून एक लाल एलईडीही त्याच पट्ट्यांवर जोडून पाहिला होता. तो लागला आणि तिन्ही पांढरे विझले. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. तो शेजारी लावला की सेलचा दाब त्याच पातळीला खाली येतो आणि तीन व्होल्ट मागणाऱ्या पांढऱ्यांना काही उरत नाही. तिथे मग लाल कागदाची टिकली चिकटवली.

आता त्या टिकलीखालच्या बटणाविषयी सांगते, कारण सगळ्यांत जास्त दिवस त्यानेच खाल्ले. रचना अशी होती. तळाच्या कार्डावर पट्ट्यांचे दोन चौकोन, एकात एक. बाहेरच्या चौकोनाला तिन्ही एलईडींचे लांब पाय आणि आतल्याला आखूड पाय. लांब पाय आतल्या पट्टीवरून ओलांडून जातो तिथे खाली कागदी टेपचा तुकडा. सनबोर्डमध्ये वीस मिलिमीटरचे भोक, त्यात सेल, अधिकची बाजू खाली, बाहेरच्या चौकोनाच्या टोकावर. सेल ३.२ मिलिमीटरचा आणि बोर्ड ३ मिलिमीटरचा, म्हणून तो केसभर वर राहतो, आणि वरचे कार्ड चिकटवले की त्याच्या आतल्या बाजूला लावलेली पट्टी सेलवर आपोआप घट्ट दाबली जाते. ती पट्टी पुढे एका दुसऱ्या भोकावर नेलेली. त्या भोकाच्या तळाशी आतल्या चौकोनाचे टोक. वरून दाबले की वरची पट्टी खालच्या टोकाला टेकते, फेरा पूर्ण होतो, चंद्र लागतो.

माझ्या अंगठ्याने तो लागत होता. दादाच्या लागत होता. भाच्याच्या तर करंगळीनेही लागत होता. तेव्हा मला वाटले की ज्यांच्या घरी हे जाणार आहे त्यांतले निम्मे लोक आईच्या वयाचे आहेत, आणि आईला गुपित न सांगता तिच्याकडून एकदा दाबवून घ्यावे. चंद्र नसलेला, नुसता एक दिवा आणि बटण असलेला पांढरा तुकडा केला आणि भाच्याच्या शाळेचा प्रकल्प म्हणून तिच्या हातात दिला. आईच्या अंगठ्याचे पेर संधिवाताने सुजलेले असते. तिने अंगठा ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. कागद वाकला, दिवा लागला नाही. “अगं, बिघडलंय वाटतं,” असे म्हणून तिने तो तुकडा मला परत दिला आणि चष्मा पुसत बसली. मी आत जाऊन त्याच तुकड्यावर बोट ठेवले आणि दिवा लागला.

ज्याच्या नावाने हे सगळे चालले होते त्याच माणसाच्या बोटाला तो चंद्र उजळत नव्हता, आणि ते मला सहन झाले नाही. त्या रात्री मी तोवर पूर्ण केलेली अकरा पत्रे बाजूला ठेवली.

कारण सरळ होते. भोकाची खोली तीन मिलिमीटर होती आणि वरचे कार्ड ३०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे, ताठ. एवढे कार्ड तीन मिलिमीटर खाली वाकवायला तरुण बोट लागते. म्हणून भोकाच्या तळाशी त्याच कार्डाच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवून, त्यांच्यावरून तांब्याची पट्टी चढवून खालचे टोक उंच केले. एक चकती म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. तीन चकत्यांनी आईचा अंगठा पोचला नाही. पाचांनी पोचला, पण जोर लावावा लागला. सात चकत्या लावल्या तेव्हा नुसता स्पर्श केला तरी दिवा लागू लागला, आणि मी समाधानाने झोपले.

पहाटे पाणी प्यायला उठले तर टेबलावर चंद्र लागलेला होता. बाहेर भाद्रपदातला पाऊस होता, खोलीत दमट हवा होती आणि कार्डाने रात्रभरात ओल धरून भोकावर पोट सोडले होते. सात चकत्यांवर उरलेले जेमतेम ०.२ मिलिमीटरचे अंतर त्याने स्वतःच मिटवले होते. मुंबईत पावसाळ्यात कागद चोवीस तास सारखा राहत नाही, हे आम्हा कागदकाम करणाऱ्यांना नवे नाही, पण त्याची किंमत अशी कधी मोजावी लागली नव्हती. असाच चंद्र पाकिटात लागून राहिला असता तर कार्यक्रमाच्या आधीच सेल संपला असता. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. तिन्ही एलईडी मिळून १० मिलिअँपिअर घेतात असे धरले तरी कागदावर बावीस तास होतात, आणि दाब उतरू लागला की पांढरा एलईडी त्याच्या कितीतरी आधी मंदावतो.

म्हणजे म्हाताऱ्या बोटाखाली लागले पाहिजे आणि दमट हवेखाली लागता कामा नये, एवढ्या दोन मर्यादांच्या मधे मला बटण बसवायचे होते. चकत्यांची संख्या वाढवून-घटवून ते होत नव्हते. दोन दिवस मी फक्त भोकेच कापत होते. शेवटी लक्षात आले की मी खोलीकडे पाहत होते, रुंदीकडे पाहत नव्हते. बारा मिलिमीटरच्या भोकावर ताणलेला कागद ताठ असतो. तोच कागद बावीस मिलिमीटरच्या भोकावर सहज लवतो. भोक रुंद केले, चकत्या पाचच ठेवल्या, म्हणजे एक मिलिमीटरचे अंतर शिल्लक राहिले, आणि कार्डाच्या आतल्या बाजूला टिकलीच्या बरोबर मागे एक लहान जाड चकती लावली, म्हणजे अंगठा जरा तिरका पडला तरी दाब मधोमध जाईल. ओलीने कागद फुगला तरी एक मिलिमीटर खाली येत नव्हता. पत्रे एकावर एक रचून वर शब्दकोश ठेवले तरी काही होत नव्हते, कारण सपाट वजन बोर्डाच्या कडांवर पेलले जाते आणि भोकात फक्त बोटच शिरते.

आईला पुन्हा पांढरा तुकडा दिला. तिने अंगठा ठेवला आणि दिवा लागला. तिने तो सोडला, पुन्हा दाबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “शाळेच्या प्रकल्पाला एवढे दिवस देतात का गं हल्ली?” मी उत्तर दिले नाही.

पुढचे काम वेगाने झाले. गणपतीच्या सुट्टीत दादाकडची मंडळी आली होती, त्यांनी बोर्ड कापले. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधे जोडण्याचे काम, मी कोणाला दिले नाही. एलईडीचे पाय पट्टीवर नुसते टेपने दाबले तर महिनाभरात सैल होतात, म्हणून प्रत्येक पायाला सोल्डरचा ठिपका दिला. २५ वॅटचे आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवले तर कागद करपतो आणि टेपचा गोंद सुटतो. कार्डे चिकटवायला फेविकॉल वापरला नाही, कारण पाण्याच्या गोंदाने कार्ड डोंगरासारखे वाकते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घेतली. मजकूर पांढऱ्या जेल पेनने हाताने लिहिला. बाराशे रुपये देऊन तो छापून घेता आला असता, पण गडद निळ्यावर माझे अक्षर बरे दिसत होते.

पाकिटांसाठी कांदेवाडीत, लग्नपत्रिकांच्या दुकानांत गेले. घडी केलेले पत्र साडेचार मिलिमीटर जाड झाले होते आणि नेहमीच्या पाकिटात घातले की पाकीट कोपऱ्यांवर फाटे. एका वयस्कर दुकानदारांनी माझे पत्र हातात घेतले, उलटसुलट केले, टिकलीवर बोट ठेवले आणि चंद्र लागल्यावर बराच वेळ बोट काढलेच नाही. मग त्यांनी आतल्या खोलीतून बाजूला पट्टी असलेली, खोक्यासारखी उघडणारी जाड पाकिटे काढून दिली. ती जुन्या मापाची होती आणि आता कोणी घेत नाही म्हणाले.

सेल कोणाला बाहेर काढता येऊ नये याची मी मुद्दाम काळजी घेतली. वीस मिलिमीटरचा असा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तिथे रासायनिक क्रिया होऊन दोन तासांतही गंभीर भाजते; घरात लहान मूल असेल तर या वस्तूकडे खेळणे म्हणून पाहता येत नाही. म्हणून सेलच्या चारही बाजूंनी कार्डे पक्की चिकटवली, मागे झाकण ठेवले नाही, आणि अक्षत द्यायला गेलेल्या प्रत्येकाने पत्र मुलांच्या हातात सोडू नका आणि फाटले तर सेल लगेच काढून उंच ठेवा, असे तोंडाने सांगितले.

पंचेचाळीसपैकी एक परत आले. आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहणारे काका, आईपेक्षा दोन वर्षांनी मोठे, स्वतः जिना चढून ते घेऊन आले आणि दारातच म्हणाले, “तुमचा चंद्र अमावास्येत गेलाय.” उघडून पाहिले तर सेलवरचे कार्ड ओलीने एका कडेला सुटले होते, सेलला वरून मिळणारा तो केसभर दाब गेला होता. पट्टीच्या मागे कार्डाचा एक लहान तुकडा सारून ती पुन्हा चिकटवली. काका तोवर खुर्चीत बसून राहिले, चहा नको म्हणाले, आणि चंद्र लागलेला पाहूनच खाली गेले.

आईचे पत्र मी शेवटी केले आणि त्याच्या मागे मात्र, तिच्या घरात लहान मूल नसल्यामुळे, सेल बदलण्यासाठी एक घट्ट झडप ठेवली. कार्यक्रमाच्या दिवशी औक्षण झाल्यावर ते तिच्या हातात दिले. तिने टिकलीवर अंगठा ठेवला आणि पहिल्या दाबात चंद्र लागला. ती सशाकडे बघत राहिली आणि मग शेजारी बसलेल्या मावशीचा हात धरून तिचा अंगठा त्या टिकलीवर ठेवला.

पत्र आता तिच्या उशाशी, पोथीच्या खाली असते. मार्गशीर्षात तिने मला हाक मारून सांगितले की चंद्र मंद झाला आहे. मी झडप उघडून सेल मीटरला लावला. तो २.६ व्होल्ट दाखवीत होता. एकेका दाबाला चार-पाच सेकंद धरले तर दोन महिन्यांत सेल एवढा उतरायला ते किती वेळा दाबावे लागेल याचा हिशेब मी तिथेच उभ्याने मनात केला, आणि तिला काही न विचारता नवा सेल घातला.